मार्फत 56 एपीओ

फौजी पत्त्यात गाव नसते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत 56 एपीओ', नाहीतर 99. पत्र लष्कराच्या टपालखात्यात पोचले की पलटण सध्या कुठे आहे हे ठाऊक असलेली माणसे ते पुढे रवाना करतात. पलटण राजस्थानातून काश्मीरला हलली तरी घरच्यांनी पाकिटावर लिहायचे तेच. लढाईच्या दिवसांत शत्रूपासून जे लपवायचे, ते आईपासूनही आपोआप लपते.

नंदुरबार जिल्ह्यात याच्या उलटही घडले आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे गेली आणि माणसे तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत आली. अशा घरातला पोरगा भरती झाला तर त्याचा पत्ता कायम आणि घरचाच फिरता.

*

घरात पावरी, भिली, मावची, कोकणा किंवा अहिराणी. पत्र मात्र शाळेतल्या मराठीत. 'तीर्थरूप वडिलांच्या चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष', मग 'मी इकडे खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी'. मधल्या जागेत हवा, पीकपाणी आणि रजेचे काही जमते का, एवढेच. आईला अक्षरओळख नसेल तर पत्र मास्तर वाचून दाखवणार, नाहीतर पोस्टमन. म्हणजे बायकोला काही सांगायचे तर तेही मास्तरांच्या तोंडून चारचौघांत शोभेल असेच. युद्धकाळात सैनिकाची पत्रे पलटणीतला अधिकारी तपासतो, हे सगळ्यांना माहीत असते. गावातल्या या दुसऱ्या सेन्सॉरबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते तोच अधिक कडक.

फोनने त्याला घरी बसवले. 'कसा शे?' 'बरा शे.' मजकूर पत्राइतकाच, पण घरच्या बोलीत, आणि खोकला लपत नाही. पत्रात ताप दडवता येत असे.

*

मनीऑर्डरच्या फॉर्मला एक कूपन असे, त्यावर दोन-तीन ओळी मावत. कित्येक घरांत पत्राऐवजी तेच येई. पोस्टमन नोटा मोजणार, अंगठा घेणार, कूपन वाचणार. पैसे आले म्हणजे पोरगा जिवंत आहे, हा हिशेब ओळी वाचण्याआधीच झालेला असे. ती जुनी मनीऑर्डर 2015 मध्ये बंद पडली. आता पगार खात्यात जमा होतो आणि मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. त्यात 'बैलाला औषध घाला' हे कुठे लिहायचे?

*

तारेचे दोन प्रकार. एक गावात येणारी: तार आली म्हटले की उघडण्याआधीच रडारड. दुसरी गावातून जाणारी: आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा. ही दुसरी पुष्कळदा आईच्या पूर्ण संमतीने, तिच्या धडधाकट देखरेखीखाली लिहिली जाई, कारण पेरणीला किंवा बहिणीच्या लग्नाला रजा मिळण्याचा तोच मार्ग. वरचे साहेबही कच्चे नसत. खरेखोटे करून घेत. मग खरोखर आई आजारी पडली की अडचण. भारतातली तारसेवा जुलै 2013 मध्ये थांबली, तेव्हा अनेकांनी हौसेने शेवटच्या तारा केल्या. जुन्या फौजी घरांना त्यात काय हौस वाटावी, मला कळले नाही.

*

कानबाई देवीचे रोट. श्रावणात खानदेशातली माणसे सुरत, मुंबई, पुण्याहून यासाठी घरी येतात. दळणासाठी धान्य घेतात ते घरच्या माणसांच्या नावाने, मुठीमुठीने. सीमेवर असलेल्याची मूठ वगळत नाहीत. तो कुठल्या खोऱ्यात आहे हे घरात कोणालाच माहीत नसते, पण सुपात तो मोजलेला असतो. प्रसाद भाऊबंदकीबाहेर द्यायचा नाही, असा अनेक घरांचा नेम आहे, त्यामुळे पलटणीतल्या मित्रांना पार्सल पाठवायचा प्रश्नच मिटतो.

*

कारगिल, 1999. घराघरातल्या टीव्हीवर दिसलेले आपले पहिले युद्ध. डोंगरावर तोफा धडाडताना दिसत, पण आपला पोरगा कुठल्या डोंगरावर हे दिसत नसे. जम्मू-काश्मीरमध्ये तेव्हा मोबाइल नव्हताच, तो आला 2003 मध्ये. जवानाने खाली उतरून एसटीडी बूथ गाठायचा, इकडे घरी फोन नसेल तर दुकानदाराचा पी.पी. नंबर. फोन येणार, दुकानदार पोऱ्याला पळवणार, आई धावत येणार, तोवर मीटर फिरतच आहे.

उंच चौक्यांवर पुढे उपग्रह फोन आले. 2017 च्या दिवाळीत सरकारने त्यांचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपया केला. बातमी लहान होती. पण पाच रुपयांना मिनिट पडते तेव्हा माणूस कामाचे तेवढेच बोलतो. एका रुपयात गप्प बसणेही परवडते.

*

अक्राणी तालुक्यात सातपुड्याच्या घड्यांमधल्या पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. तिकडे जवानही उंचावर. दोघे आपापल्या डोंगरावर उभे, मध्ये सपाट देश. होळीच्या दिवसांत, काठी गावची राजवाडी होळी जवळ आली की इकडचे ढोल फोनमधून तिकडे जातात. 'आवाज नीट येतो का?' हा त्या दिवसांतला मुख्य प्रश्न.

*

शेजारच्या धुळे जिल्ह्यातले बोरविहीर. 29 सप्टेंबर 2016 ला 37 राष्ट्रीय रायफल्सचे जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडे पाकिस्तानच्या हाती सापडले. सर्जिकल स्ट्राइकची बातमी त्याच दिवशीची. नातू पकडला गेल्याचे ऐकून आजीने प्राण सोडला. भाऊही फौजेतच. 21 जानेवारी 2017 ला वाघा सीमेवरून चंदू परतले, तोवर आजीच्या अस्थी घरच्यांनी त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या.

जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहू द्यावी लागतात. पण युद्ध जाहीर नसताना पकडलेला माणूस नेमका कोण, हा वाद वकिलांचा. घराला कार्ड हवे असते.

*

मे 2025. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याला लग्नानंतर तीनच दिवसांनी एक जवान गाडीत बसला. भारत-पाकिस्तान संघर्षामुळे रजा रद्द झाली होती. नव्या नवरीचा स्टेशनवरचा फोटो सगळीकडे फिरला. असे निरोप इतरही खानदेशी स्थानकांवर झाले असतील, कॅमेऱ्याविना.

त्याच रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरच उडवले. दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच खरे नव्हते. सीमेवरच्या माणसाचा फोन बंद आणि घरी टीव्ही चालू: आधी घर अंधारात असे, आता खोट्या उजेडात. मला पहिलेच बरे वाटते, पण माझ्या घरचे कोणी सीमेवर नाही.

*

2020 मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप फोनमधून काढायला लावली. जवानाने काढली, घरच्यांना असा आदेश कोण देणार? धाकटा भाऊ दादाचा वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवतो, खाली पलटणीचे नाव, वर तिरंगा. मग कुठूनतरी फोन येतो, आधी स्टेटस काढायला सांगायला, आणि नंतर पाऊस पडला का ते विचारायला.