गरुडाभोवतीची वर्तुळं

'गरुड' हा विषय घेऊन तिकिटांची मांडणी करायला बसलो, तेव्हा रशियन साम्राज्याची पानं मी सगळ्यात आधी लावली. दोन तोंडांचा गरुड, किंमत कोपेकमध्ये, अक्षरं रशियन. एवढं जुळलं की तिकीट रशियाचं, असं मी धरून चाललो होतो. त्यामुळे फिनलंडची 1891ची तिकिटंही त्याच पानावर गेली, आणि खाली मी शाईने 'रशिया' लिहिलं.

प्रदर्शनात एका ज्येष्ठ संग्राहकांनी भिंग हातात दिलं. "गरुड सोड, त्याच्या आजूबाजूला बघ." नक्षीत बारीक वर्तुळं होती, प्रत्येकात एक ठिपका. रशियाच्या तिकिटांवर ती नसतात.

ही खूण का आली, ते नंतर वाचलं. फिनलंड झारच्या ताब्यात होता, पण 1856च्या त्यांच्या पहिल्या तिकिटांवर मुकुटधारी सिंह होता आणि 1860पासून त्यांचं चलनही वेगळं, मार्क्का. 1890च्या झारच्या फर्मानाने टपाल रशियाच्या अधिकाराखाली गेलं आणि पुढच्याच वर्षी रशियाला जाणाऱ्या टपालासाठी सिंहाच्या तिकिटांसोबत गरुडाची तिकिटं आली; पुढे सिंह नाहीसाच झाला. त्या 1891च्या तिकिटांवर वेगळेपणाची खूण म्हणून होती ती एवढीशी वर्तुळं. 1917मध्ये वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांनी काढलेला सिंह तिकिटावर परतला. एका देशाची सत्तावीस वर्षांची घुसमट माझ्यासमोर होती, आणि मी त्यावर राज्यकर्त्यांचंच नाव लिहिलं होतं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

जर्मनीच्या 1872च्या तिकिटांतही असाच चुकलो. गरुडाच्या छातीवरची ढाल आधी लहान होती, त्याच वर्षी मोठी झाली. मी दोन्ही एकाच रांगेत लावली होती. ही चूक मात्र तासाभरात दुरुस्त झाली.

फिनलंडच्या तिकिटांचं तसं नव्हतं. त्यातली काही मूळ पाकिटावर होती, हेलसिंकीच्या शिक्क्यासकट. पान नीटस दिसावं म्हणून मी ती कोमट पाण्यात भिजवून सोडवली आणि पाकिटं टाकून दिली. पत्र कुणी कुणाला धाडलं, रशियात कुठे पोचलं, किती दिवस लागले, हे सगळं त्या कागदावर होतं. पानावरचं नाव मी बदललं. पाकिटं आता कुठून आणू?