मोहीम मोडू नका

आलापल्ली,
ऑगस्ट

प्रिय भाऊ,

होळीपासून जॉज ऑफ द लायन या पटावरच्या खेळाचा खोका माळ्यावर पडून आहे, कोण पुढे काय करणार होतं ते चौघांतल्या एकालाही नीट सांगता येत नाही, तेव्हा मोहीम मोडून पहिल्या सिनॅरिओपासून सुरुवात करावी का, असं तू विचारलंस. मोडू नका. तुम्ही चौघांनी जवळजवळ निम्मी वाट कापली आहे. त्या वाटेवर कोणी कोणाला वाचवलं, कोणी आपला शेवटचा चांगला पत्ता दुसऱ्यासाठी खर्च केला, हे पहिल्यापासून खेळून परत मिळत नाही. तीच गुहा दुसऱ्यांदा उघडताना आत काय दडलंय ते माहीत असतं. मिळून खेळायच्या खेळात खरी गंमत असते ती सगळ्यांना एकाच वेळी काही माहीत नसण्याची, आणि ती एकदाच मिळते.

या खेळांच्या नियमपुस्तिका वाचल्या की वाटतं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या टेबलाशी जमणारी मंडळी आहेत. आपल्याकडे तसं कुठून जमणार? जुलै-ऑगस्टात रोवणी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि माझ्या इथल्या खेळगटातली नर्स तर पलीकडेच नोकरीला. तुमच्यातला मोहर्लीचा गाइड १ जुलै ते ३० सप्टेंबर हाताशी असतो, कारण तेव्हा ताडोबाचा कोअर बंद. ऑक्टोबर उजाडला की तो पहाटे जिप्सीत आणि रात्री नऊला गाढ झोपेत. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरायला लागल्या की झाडीपट्टीतल्या माणसाला रात्रीचं नाटक सोडून पटाशी बसवता येत नाही, आणि बसवूही नये. मार्चात मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. उरलेल्या दिवसांत तुझी वीज केंद्रातली शिफ्ट आडवी येते. दोन बैठकांत तीन महिने गेले तरी त्यात कोणाचा दोष नाही, इथलं वर्षच असं आहे. म्हणून डाव जपून ठेवायची विद्या आपल्याला नीट यायला हवी.

जपणं दोन तऱ्हेचं असतं. एका सिनॅरिओच्या शेवटी थांबणं सोपं, कारण त्याची सोय खेळानंच केलेली असते. १९८९ साली आलेल्या हीरोक्वेस्टपासून हे चालत आलंय: एक कामगिरी संपली की मिळवलेलं सोनं आणि हत्यारं कागदावर उतरवायची आणि पुढच्या कामगिरीला तीच घेऊन जायचं. २०१७ चा ग्लूमहेवन आयझॅक चिल्ड्रेसनं केला तेव्हा हे सगळं फार मोठं झालं. सुमारे दहा किलोचा खोका, पंचाण्णव सिनॅरिओ, सतरा प्रकारची पात्रं, सीलबंद डब्या आणि पाकिटं. तरी दोन सिनॅरिओंच्या मधे जपायचं ते थोडक्यात मावतं: प्रत्येकाच्या कागदावर पातळी, अनुभवाचे गुण, सोनं, वस्तू आणि मिळालेल्या बरोबरच्या खुणा, गटाच्या कागदावर काय साध्य झालं आणि कोणते सिनॅरिओ खुले झाले, नकाशावर स्टिकर. तुमचा जॉज ऑफ द लायन त्याचंच २०२० मधलं धाकटं भावंड. पंचवीस सिनॅरिओ, चार पात्रं, आणि जमिनीच्या फरशा जुळवायच्या भानगडीऐवजी पुस्तकाच्या पानावरच खेळायचं. हे पान मला फार आवडतं. पट कुठं होता हे जपायला पान क्रमांक पुरतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. सिनॅरिओ हरलात तरी मिळवलेला अनुभव आणि सोनं तुमचंच राहतं. रात्री साडेअकरा वाजलेत, दोघांना सकाळी ड्यूटी आहे, आणि पानावर नुसती पडझड चाललीय, तर हार मानून कागद भरा आणि उठा. अर्धवट डाव बांधून ठेवण्यापेक्षा ते पुष्कळदा शहाणपणाचं असतं.

पण अर्धवट थांबायचंच असेल, आणि तुमचं तेच झालं, तर फोटो काढून भागत नाही. तू म्हणतोस फोटो आहे, वरून काढलेला, स्पष्ट. फोटोत सोंगट्या दिसतात. हातातले पत्ते दिसत नाहीत, वापरलेले कोणते आणि कायमचे गेलेले कोणते हे दिसत नाही, आग, बर्फ, वारा यातलं कोणतं तत्त्व अजून जागं आहे हेही नेहमी कळत नाही. आमचा नियम असा: फेरी संपल्याशिवाय थांबायचं नाही. तोवर चालू पत्ते खाली गेलेले असतात, तत्त्वांचा जोर एकेक पायरी उतरलेला असतो, विश्रांती घ्यायची ती घेऊन झालेली असते. पुढच्या फेरीचे पत्ते निवडायच्या आधीचा तो क्षण सगळ्यांत स्वच्छ. मग प्रत्येकानं आपले पत्ते तीन पिशव्यांत घालायचे, हातातले, वापरलेले आणि गेलेले. राक्षसांचा कागद वेगळा: क्रमांक, कोणत्या घरात, किती जखम, अंगावर विष आहे की भोवळ. प्रत्येक घराला नाव नसतं, म्हणून आम्ही दारापासून मोजतो. एवढं लिहायला वेळ लागतो, कंटाळाही येतो, तरी लिहायचं.

पत्त्यांच्या गड्ड्यांबद्दल लोक उगाच घाबरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जी गड्डी पिसून उलटी ठेवली आहे आणि जिच्यातलं कोणालाच काही माहीत नाही, तिचा क्रम जपायची गरज नाही. पुन्हा पिसली तरी काही बिघडत नाही. जपायचं ते एवढंच, की त्यातले कोणते पत्ते निघून गेलेत. पण ज्या गड्डीचा वरचा किंवा खालचा भाग तुम्हाला माहीत आहे ती पिसली की मोहिमेचं नुकसान झालं. पँडेमिक खेळलायस ना? तिथं साथीचा पत्ता निघाला की वापरून झालेले शहरांचे पत्ते पिसून गड्डीच्या वर ठेवतात. म्हणजे येत्या काही फेऱ्यांत कोणती शहरं पुन्हा पेटणार हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळा बेत त्या माहितीवर उभा असतो. कोणी आवरताना ती गड्डी सहज पिसून टाकली, तर पट दिसायला तसाच राहील आणि खेळ मात्र दुसराच होईल. जॉज ऑफ द लायनमध्ये आपण वस्तू जपतो की माहिती, हा प्रश्न प्रत्येक गड्डीजवळ थांबून विचारायचा.

माहिती जपली तरी एक गोष्ट निसटते, आणि हे पत्र मी खरं तर तिच्यासाठी लिहितेय. बुद्धिबळाचे डाव पूर्वी अर्धवट राहिले की दुसऱ्या दिवसावर ढकलत. तेव्हा ज्याची पाळी असे तो आपली पुढची खेळी पटावर न करता कागदावर लिहायचा, कागद पाकिटात जायचा, आणि पाकिटावर मोहऱ्यांची मांडणी, दोघांच्या घड्याळातला वेळ आणि कोणाची पाळी हे नोंदवून ते पंचांकडे दिलं जायचं. १९७२ साली रेक्याविकमध्ये फिशर आणि स्पास्की यांचा एकविसावा डाव असाच अर्धवट राहिला. दुसऱ्या दिवशी स्पास्कीनं फोनवरून हार कळवली आणि जगज्जेतेपद फिशरकडे गेलं. पुढे संगणक आल्यावर ही पद्धत मोठ्या स्पर्धांतून गेली. त्या पाकिटात मला मोलाचं वाटतं ते हे, की त्यात डाव कुठवर आला याच्याबरोबर तो कुठे जाणार होता हेही लिहिलेलं असे.

तुमच्याकडे नेमकं तेच राहून गेलं. सोंगटी दाराशी उभी होती हे फोटोत दिसतं. ती दार उघडणार होती, की दार अडवून मागच्याला श्वास घेऊ देणार होती? हे त्या रात्री ज्याला माहीत होतं त्यालाही आज नीट आठवत नसणार. म्हणून उठायच्या आधी प्रत्येकानं चार ओळी लिहायच्या: मी पुढच्या दोन फेऱ्यांत काय करणार होतो, आणि का. खेळाच्या नियमाप्रमाणे पत्त्यांवरचे नेमके आकडे एकमेकांना सांगायचे नसतात, आणि प्रत्येकाचं लढाईतलं गुप्त उद्दिष्टही त्याचं त्यालाच ठाऊक असतं. तेव्हा ही चिठ्ठी आणि तो उद्दिष्टाचा पत्ता ज्याच्या त्याच्या पाकिटात, पाकीट चिकटवून वर नाव. सगळ्यांनी मिळून ठरवलेला बेत मात्र उघड वहीत. पुढच्या वेळी पाकीट फोडून आपलंच अक्षर वाचताना माणूस दोन मिनिटांत त्या जागी परत जाऊन उभा राहतो. आमच्या नर्सबाई पुरामुळं महिनाभर अडकल्या आणि आल्यावर हे पाकीट उघडून बसल्या, तेव्हा त्यांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

वहीत निर्णयाबरोबर कारणही लिहायचं. शहरातल्या घटनेचा पत्ता दोन वाटा पुढे ठेवतो, एक निवडून मगच मागची बाजू वाचायची असते. बहुतेक गट हात वर करून बहुमतानं निवडून मोकळे होतात. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुला ठाऊकच आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं ते गाव सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाही. जंगलासारख्या जन्माच्या गोष्टीत जे इतकी वर्षं पाळलं गेलं, ते चार जणांच्या खेळात पाळायला काय हरकत आहे? आम्ही पाळतो. वेळ लागतो. पण एकमतासाठी कोणाला काय पटवावं लागलं ते आपोआप बोललं जातं आणि वहीत उतरतं. ज्या दिवशी एखादा हजर नसतो त्याला पुढे ते वाचून कळतं की आपल्या माघारी गटानं घटनेतल्या चोराला का सोडलं. नुसतं ‘सोडलं’ एवढंच वाचलं तर तो रुसतो, आणि त्याचं रुसणं बरोबर असतं.

पुन्हा बसाल तेव्हा खोका लगेच उघडू नका. चातुर्मासात पोथी लावलेल्या घरी वाचणारा आदल्या दिवशीचा कथाभाग दोन वाक्यांत सांगून मगच पुढचा अध्याय धरतो, तसं एकानं आधी गोष्ट सांगावी. मागच्या वेळी जो गैरहजर होता त्यानं वही वाचून सांगितली तर उत्तम. तो चुकला की बाकीचे दुरुस्त करतात, आणि दुरुस्त करता करता सगळ्यांनाच आठवायला लागतं.

सामानाचं थोडं. खोका माळ्यावर ठेवू नकोस. आपल्या पावसात पत्ते वाकतात, पाकिटांचा डिंक सुटतो, आणि उदई लागली तर मोहीम राहू दे, खोकाही राहत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घे, जोड्यांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाक, कागद पेन्सिलीनं लिही. शाई ओलीनं पसरते. मोबाइलवर राक्षसांचा हिशेब ठेवणारी ॲप चांगली आहेत, आम्हीही वापरतो. पण फोन बदलला, बिघडला किंवा ज्याचा फोन तोच बदली होऊन सिरोंचाला गेला की हिशेबही गेला. म्हणून उठताना ॲपमधलं कागदावर उतरवून घ्यायचंच. स्टिकर चिकटवायला मन होत नाही असं तू मागे म्हणाला होतास. चिकटव. २०११ मध्ये रॉब डॅव्हियोनं रिस्क लेगसीत पटावर कायमच्या खुणा करायची रीत आणली ती मला पहिल्यापासून पटली. जी खूण पुसता येत नाही ती हरवतही नाही.

आता तुमच्या डावाचं. फोटो मोठा करून राक्षसांची घरं आणि जखमा जेवढ्या दिसतात तेवढ्या उतरवून घे. वापरलेले पत्ते कोणाचे किती ते प्रत्येकानं प्रामाणिकपणे आठवावं, आणि शंका असेल तिथं तो पत्ता वापरलेलाच धरावा. गटाच्या विरुद्ध थोडं झुकलं तर चालेल, बाजूनं झुकलं तर जिंकल्यावर टोचत राहतं. गड्ड्या नव्यानं पिसा. सप्टेंबर संपायच्या आत बसा, नाहीतर गाइड पुन्हा गेला. आणि तुमच्यातला जो राजुऱ्याला बदलून गेला, त्याची सोंगटी दाराशी आहे. बसायच्या आधी त्याला फोन कर, त्या रात्री दाराशी त्याच्या मनात काय होतं ते विचार, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घे. त्याला यायला जमणार नसेल तर ती पुढची फेरी त्याच्या सांगण्याप्रमाणे तू खेळ.

वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई