छोट्या माइकला मोठा चार्जर

आमच्या भजनी मंडळात पेटी मी वाजवतो. लाइटचं काही निघालं की शेवटचा शब्दही माझाच असतो. कॉलर माइकबद्दल माझं मत पक्कं होतं: एवढासा जीव, आत नखाएवढी बॅटरी, त्याला मोबाइलचा फास्ट चार्जर लावला तर जळणारच. म्हणून लहान वस्तूला लहान चार्जर. घनसावंगीच्या बाजारात शंभराच्या आत मिळणारा, हातात धरला तर कापसासारखा हलका, वर एक अँपिअर छापलेला. मंडळींना हे पटायचं, कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

आता मी उलटं सांगतो. माइक असो, ब्लूटूथ स्पीकर असो की यूएसबीवर चालणारी सूरपेटी, चांगल्या कंपनीच्या फोनचा चार्जर खुशाल लावा. तो तेहतीस वॅटचा असला तरी लावा.

मन पालटलं ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. तिथल्या पोराने दोन बिघडलेले चार्जर फोडून काउंटरवर ठेवले होते, एक स्वस्तातला, एक कंपनीचा. मी अँपिअरचं पुराण लावलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, अँपिअर सोडा. दोनशे तीस व्होल्टची बाजू कुठं संपते अन् पाचची कुठं सुरू होते, ते दाखवा." कंपनीच्या चार्जरमधल्या सर्किटच्या पट्टीवर दोन बाजूंमध्ये रिकामी जागा आखून सोडलेली होती, एके ठिकाणी तर पट्टीच कापून फट ठेवलेली. स्वस्तातल्यात दोन्हीकडची डाग दिलेली टोकं जवळजवळ एकमेकांना चिकटलेली. फ्यूज शोधूनही सापडला नाही.

म्हणजे मी ज्याला गरीब समजत होतो तोच घातकी. आत भिंतच नाही, आणि त्याच्या वायरीचं दुसरं टोक कीर्तनकारांच्या उपरण्याला लागणाऱ्या माइकमध्ये.

अँपिअरचं तर वेगळंच आहे. चार्जर करंट ढकलत नाही, वस्तू आपल्याला हवा तेवढा ओढते. टाकी हजार लिटरची असली तरी तोटी उघडाल तेवढंच पाणी येतं. चार्जरवरचा आकडा म्हणजे त्याची ऐपत. किती ओढायचं ते माइकमधली चिप ठरवते, आणि लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत आला की तीच थांबवते. फास्ट चार्जरही आधी विचारल्याशिवाय ९ किंवा २० व्होल्ट देत नाही. माइकला ती बोलीच येत नाही, म्हणून तो पाच व्होल्टवरच राहतो.

एक गंमत मात्र होते. दोन्हीकडे सी पिन असलेली वायर लावली की काही स्वस्त माइक चार्जच होत नाहीत. लोक चार्जरला शिव्या देतात. खरं तर माइक बनवणाऱ्याने पिनेजवळचे दोन बारके रेझिस्टर वाचवलेले असतात. जुन्या चपट्या यूएसबीची वायर लावली की चार्जिंग सुरू.

आता विकत घेताना मी वजन बघतो आणि बीआयएसचा शिक्का बघतो. अडॅप्टरची नोंदणी सक्तीची आहे. शिक्क्याजवळ 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो. शिक्का कुणीही छापेल, म्हणून तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून बघायचा आणि निघालेलं नाव डब्यावरच्या नावाशी जुळतं का ते पाहायचं. दुकानदार वैतागतो. वैतागू दे. आमच्याकडे डीपीवरचा न्यूट्रल तुटला की व्होल्टेज चढून घरातले बल्ब पांढरेफटक पेटतात, आणि तेव्हा चार्जरची खरी परीक्षा होते.

पेटीवाल्याच्या कानाला आणखी एक कळतं. हलका चार्जर लावून सूरपेटी चालू ठेवली की षड्जाखाली एक घरघर येते. गाणाऱ्याला ती ओळखता येत नाही, पण सूर धरताना तो अडखळतो. चांगल्या चार्जरवर ती बरीच कमी होते, बॅटरीवर वाजवलं तर जातेच.

सगळीच मतं मात्र मी बदललेली नाहीत. गोल पिनेचे ९ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर, राउटरचे, जुन्या तानपुरा पेटीचे, मी आजही वेगळ्या पिशवीत ठेवतो. ते कुणाला विचारत नाहीत, सरळ देतात. चार्जिंगला लावलेला माइक अंगावर घेऊन गायचं नाही, हेही कायम. आणि चैत्रात, जांब समर्थला रामनवमीला जातो तेव्हा, पत्र्याच्या मंडपात दुपारी काहीही चार्जिंगला लावू देत नाही. पंचेचाळीस अंशांच्या वर तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, मग चार्जर कितीही भारी असो. साउंडवाला म्हणतो, मग माइक चार्ज करायचे कधी? पहाटे काकड्याच्या वेळी कर म्हणतो, तर तेव्हा तो झोपलेला असतो.