कानात घालायचा इतिहास

वर्धा

चि. सोनू,


तू घडवलेल्या मातीच्या कानातल्यांचे फोटो पाहिले. हात छान बसलाय. राजस्थानी जाळी आणि मोगली बुट्टे सगळेच करतात, आपल्या जिल्ह्यातलं जुनं काय घेऊ, असं तू विचारलंस. प्रश्न मोलाचा आहे, म्हणून फोनवर न बोलता लिहितेय.

सुरुवात पवनारपासून कर. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात नंदिवर्धन सोडून प्रवरपूर ही राजधानी केली. धाम नदीकाठचं पवनार तेच प्रवरपूर, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं. तिथल्या विनोबांच्या आश्रमात शेत खणताना निघालेली जुनी शिल्पं आश्रमातच जपली आहेत. त्यांत राम-भरत भेटीचं शिल्प आहे. वही घेऊन जा, पण देवांचे चेहरे कानात लटकवू नकोस. दागिन्यांच्या कडा आणि वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या रेखाट. नक्षी त्यांतूनच मिळेल.

दुसरी गोष्ट वाकाटकांच्या ताम्रपटांची. त्यांतल्या अक्षरांच्या डोक्यावर इवलासा चौकोन असतो, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. पाळीवर बसणारी चौकोनी पेटी आणि तिच्याखाली लोंबणारी सरळ दांडी, एवढ्यात एक जोड उभा राहतो. अख्खं अक्षर घ्यायचं असेल तर आधी ते वाचायला शीक. न कळणारं अक्षर शोभेसाठी वापरणं मला पटत नाही.

तिसरं ठिकाण सेवाग्राम. गांधीजींच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी ताडाची झाडं, ओम आणि चरखा उठावात काढले आहेत. ते कामही मातीतलंच, तुझ्या कामाच्या सर्वांत जवळचं. १९३३ साली अस्पृश्यता निवारणासाठी वर्ध्याहून निघालेल्या हरिजन यात्रेत गांधीजी बायकांकडे अंगावरचे दागिने मागत, आणि बायका ते उतरवून देत. त्याच गांधीजींनी १९३८ मध्ये वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं, ते ग्रामोद्योगांना मान मिळावा म्हणून. सोन्याचा डौल त्यांना नको होता, हाताच्या कामाची प्रतिष्ठा हवी होती. तुझी कानातली या दुसऱ्या बाजूची आहेत, हे विसरू नकोस.

आता घडणीचं. भिंतीवरची नक्षी जशीच्या तशी लहान केली की तिचा चिखल होतो. ताडाच्या झाडाचं खोड आणि चार झावळ्या ठेव, बाकी सोड. माती वाळताना आणि भाजताना आटते, म्हणून साचा थोडा मोठा कर आणि भोकही सैल ठेव. भोक पाडायचं ते माती घट्ट झाली पण अजून ओलसर आहे तेव्हा; वाळल्यावर पाडलंस तर तडकेल. मागची बाजू कोरून पोकळ कर, कारण जड कानातलं कितीही देखणं असलं तरी दुसऱ्या दिवशी डबीत जातं. आव्यात हवा खेळली की माती लाल होते, धूर कोंडला की काळी. हे दोन रंग पुरेत, वरून सोनेरी रंग फासू नकोस. आकडा मात्र चांदीचाच लाव, म्हणजे कान सहसा चिघळणार नाहीत.

एक मागणं आहे. प्रत्येक जोडासोबत चिठ्ठी दे: नक्षी कुठली, कोणत्या काळातली, आणि तू तिच्यात काय बदललंस. जुन्या कारागिरांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, निदान त्यांच्या गावाचं नाव तरी पुढे जाऊ दे. घेणारीने ती चिठ्ठी वाचून एकदा पवनारला यावं, एवढं तुझ्या कामाने साधलं तर ते खरं काम.

तुझी,
माई मावशी