घरभर इंग्रजी!

इंग्रजी बोलायला शिकायचंय? मग सरळ कुणाच्या तरी घरी राहायला जा! लोणारहून आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. मैत्रिणींना सांगून झालं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली. आमची पिढी त्याच इंग्रजीवर वाढलेली. काळ पाठ, क्रियापदाची रूपं पाठ, पेपरात मार्कही चांगले. पण समोरच्याने इंग्रजीत साधं काही विचारलं की तोंडाला कुलूप! मेहकर, चिखली, खामगाव, कुठेही जा, स्पोकन इंग्लिशच्या पाट्या दिसतात. तासभर क्लास करायचा, बाहेर आलं की टपरीवर चहा घेत पुन्हा आपली वऱ्हाडी सुरू. इंग्रजीची दिवसभरात गरजच पडत नाही, मग ती जिभेवर येणार कुठून?

लोणारला मी ज्या घरी राहून आले, तिथे मात्र ही गरज पडते! इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम आपल्याच घरी मोजक्या मुलामुलींना राहायला ठेवतात. नियम एकच: उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मराठी बंद. पाणी तापलं का, टॉवेल कुठे आहे, मिठाचा डबा दे, सगळं इंग्रजीतून.

पहिल्याच सकाळी मॅडमनी ज्वारीच्या पिठाची परात पुढे ओढली आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘तू सांग, मी भाकर करते.’ झालं! पाणी किती कढत हवं, पीठ किती मळायचं, थापताना कड चिरली तर बोटाने कशी सांधायची, मी सांगत गेले. भाकर तव्यावर पडली. आता वरून पाणी फिरवायचं, तेही लगेच! मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याचं इंग्रजी करायला सवडच नव्हती. वाक्य थेट तोंडातून निघालं, आणि मॅडमचा ओला हात भाकरीवरून फिरलासुद्धा! मी इंग्रजीत बोलले, समोरच्या माणसाने तसं केलं आणि भाकर टम्म फुगली. इतकी वर्षं इंग्रजी शिकले, पण ती अशी कामाला आलेली त्या सकाळी पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी लोणार सरोवराच्या काठावर एकाने गाईड व्हायचं, बाकीच्यांनी पाहुणे, आणि बोलायचं इंग्रजीतच. आणि सांगायला समोर काय, तर बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर! 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, 2020 मध्ये ते सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. का झालं, हे मला समजावून सांगायचं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने रंग आला. ‘पाहुणे’ प्रश्नांवर प्रश्न विचारत होते, आणि मी थांबतच नव्हते!

आणि इंग्रजीसाठी दुसऱ्याच्या घरी राहण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, हे कळल्यावर तर मी उडालेच. 1878 साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून मुंबईत एका घरी राहिले होते. घर कुणाचं? डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांचं, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांचं! व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्यांचे थोरले बंधू. रवींद्रनाथांची ही सोय त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ यांनी केली. शिकवायला होती आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, विलायतेत राहून आलेली. पुढे नोबेल मिळवणाऱ्या कवीला इंग्रजी संभाषणाचे धडे मराठी घरातल्या मुलीने दिले! शाळेत हे कुणी का सांगितलं नाही?

म्हणून म्हणते, अशी घरं बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव व्हायला हवीत. लोणारला जगभरचे अभ्यासक येतात, शेगावला देशभरचे भाविक, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहणारे. त्यांच्याशी बोलायला आपली मुलं तयार हवीत. निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पोरं मोकळी असतात. एक मोठी खोली, दोन वेळचं जेवण आणि दुपारपर्यंत मराठी बंद ठेवण्याची जिद्द, एवढ्यावर सुरुवात होते. धाकट्या बहिणीला मी लोणारला पाठवतेच आहे. तुमच्या गावात कुणी शिक्षक असं घर उघडायला तयार असतील, तर आजच त्यांचं दार ठोठवा!