नादारांची यादी

मी गव्हर्नर झालों आहें, असें जेव्हां मीं साताऱ्यास माझ्या बहिणीला फोनवर सांगितलें, तेव्हां ती प्रथम हंसली आणि मग जराशी घाबरलीहि. तिच्या डोळ्यांपुढें मलबार टेकडीवरचें राजभवन उभें राहिलें असावें. इंग्लंडांत प्रत्येक सरकारी शाळेवर देखरेख करण्यासाठीं पालक, शिक्षक आणि वस्तींतले माझ्यासारखे चार रिकामटेकडे गृहस्थ यांचें एक मंडळ असतें, आणि त्याच्या प्रत्येक सभासदाला गव्हर्नर म्हणतात, हें तिला समजावून देण्यांत पांच मिनिटें गेलीं. पगार नाहीं, गाडी नाहीं, तोफांची सलामी नाहीं. महिन्या-दोन महिन्यांनीं एखाद्या संध्याकाळीं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचें आणि कागद वाचायचे, एवढाच या पदाचा थाट.

"मग तूं त्यांत करतोस काय?" तिनें विचारलें.

"गरीब मुलांसाठीं सरकार शाळेला जे जादा पैसे देतं, ते नीट खर्च होतात कीं नाहीं हें पाहतों."

"म्हणजे नादारांचं खातं तुझ्याकडे," ती म्हणाली.

कितीतरी वर्षांनीं हा शब्द माझ्या कानांवर पडला. ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं तो नादार. आणि शाळेच्या भाषेंत, ज्याची फी माफ झाली आहे तो नादार. आमच्या लहानपणीं दरवर्षीं जून महिन्यांत वर्गशिक्षक हजेरीपट बाजूला ठेवून म्हणत, "नादारीचे अर्ज ज्यांना हवे असतील त्यांनीं उभं राहा." मग बांकांवरून सात-आठ मुलें उठत. कोणी सदऱ्याचें बटण चांचपीत असे, कोणी खिडकीबाहेर पाही. मास्तर वाईट नव्हते. त्यांना यादी करायची होती, आणि यादी करण्याची दुसरी रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती.

माझ्या वडिलांची आम्हां भावंडांना सक्त ताकीद होती कीं, उभें राहावयाचें नाहीं. अर्जाला तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला लागे, आणि "चावडीवर जाऊन मी दरिद्री आहें असं सही-शिक्क्यानिशीं लिहून आणूं काय?" हा त्यांचा सवाल असे. हायस्कुलाची फी एकाचीच भरतां येईल एवढा पैसा घरांत होता. बहीण माझ्याहून तीन वर्षांनीं मोठी आणि माझ्याहून हुशार. सातवीनंतर तिचें नांव शाळेंतून काढलें. माझी पाळी आली तेव्हां माझें हायस्कुलांत घातलें. पुढें वडील वारले आणि नववींत मी आपण होऊन उभा राहिलों. त्या दिवशीं पायांना सुटलेला कांप मला अजून आठवतो. उभें राहण्याची लाज मीं भोगली. उभें न राहण्याची किंमत तिनें भरली. ही हकीकत आमच्या घरांत कधींच कोणी उच्चारीत नाहीं, आणि आज ती येथें लिहितांना मला थोडें चोरट्यासारखें वाटत आहे.

आतां या इंग्रजी नादारीविषयीं. येथील सरकारी शाळेंत फी नसतेच, तेव्हां माफ करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. पण प्राथमिक शाळा संपेपर्यंत गरिबांचीं मुलें वाचनांत व गणितांत इतरांच्या मागें पडतात, हें येथेंहि आपल्याकडच्याइतकेंच खरें आहे. यावर उपाय म्हणून २०११ च्या एप्रिलांत सरकारनें 'प्युपिल प्रीमियम' नांवाची योजना सुरू केली. ज्या मुलाला गरिबीमुळें शाळेंत फुकट जेवण मिळतें, किंवा मागील सहा वर्षांत केव्हांहि मिळालें आहे, त्याच्यामागें शाळेला ठराविक रक्कम मिळते. पहिल्या वर्षीं ती ४८८ पौंड होती. २०२३-२४ सालीं प्राथमिक शाळेसाठीं ती १,४५५ पौंड झाली होती. पैसा मुलाच्या नांवानें येतो, पण त्याच्या हातीं जात नाहीं. त्याच्या एकट्यावरच खर्चावा असाहि नियम नाहीं. शाळेनें तो शहाणपणानें वापरावा आणि कसा वापरला तें दरवर्षीं ३१ डिसेंबरच्या आंत जाहीर करावें, एवढेंच बंधन.

लंडनच्या पश्चिमेकडील आमच्या शाळेंत त्या वर्षीं अशीं साठ मुलें होतीं. साठांस १,४५५ नीं गुणलें म्हणजे ८७,३०० पौंड होतात. आंकडा ऐकून प्रथम माझें डोकें गरगरलें. पण एक शिक्षिका आणि दोन अर्धवेळ मदतनीस बाया यांचे पगार भागले कीं थैलीचा तळ दिसूं लागतो. उरलेल्यांतून सकाळची न्याहारी, सहलीचा खर्च, कोणाला व्हायोलिनची शिकवणी, कोणाला बूट.

पैसा कशावर घालावा यावर मंडळांत जे वाद होतात, ते ऐकण्यासारखे असतात. एका उत्साही सभासदाला प्रत्येक मुलाच्या हातीं टॅब्लेट हवा होता. दुसरे एक हिशेबी गृहस्थ दबक्या आवाजांत म्हणाले कीं, छप्पर गळतें आहे, आणि गळकें छप्पर गरीब मुलांच्याहि डोक्यावरच गळतें. मला हा युक्तिवाद इतका चलाख वाटला कीं क्षणभर मी त्यांच्या बाजूचा झालों. मुख्याध्यापिकाबाईंनीं चष्मा काढून त्यांच्याकडे नुसतें पाहिलें आणि छप्पर त्या दिवसापुरतें गळतें राहिलें.

खरा वाद मदतनीस बायांचा. मागें पडलेल्या मुलाशेजारीं एक माणूस बसवून द्यावें, हा उपाय कोणालाहि सुचेल. परंतु लंडनच्या शिक्षणशास्त्राच्या संस्थेंतील पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं कित्येक वर्षें शाळाशाळांतून पाहणी करून २००९ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, ज्या मुलांना अशी मदत अधिक मिळाली त्यांची प्रगति उलट कमी झाली होती. कारण शोधावयास लांब जायला नको. जें मूल सर्वांत अडलेलें, तें सर्वांत कमी शिकलेल्या माणसाच्या स्वाधीन होतें आणि शिक्षिका त्याच्या वाटेला येईनाशी होते. शिवाय मायाळू मदतनीस उत्तर सुचवून टाकते. मुलाची वही भरते आणि डोकें रिकामें राहतें. त्याच बाईला एखादी शिस्तशीर पद्धत शिकवून, दोन-चार मुलें रोज ठरलेला वेळ तिच्याकडे दिलीं, तर मात्र चांगला गुण येतो, असें पुढच्या प्रयोगांनीं दाखविलें.

हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जिन्याखालच्या एका खोलींत, जेथें पूर्वीं झाडू ठेवीत, चार मुलें आणि एक बाई. वीस मिनिटें फक्त एस, ए, टी, पी या अक्षरांचे उच्चार. ते जोडायचे, तोडायचे, पुन्हा जोडायचे. एक मुलगी 'टॅप' हा शब्द पहिल्यानें स्वतः वाचून उठली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली. दाराच्या फटींतून मला दिसलें, ती खरोखरच नळाशीं उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. माझ्या समजुतीप्रमाणें त्या वर्षींचा सर्वांत नीट खर्चलेला पैसा तो.

पण हा सगळा डोलारा उभा आहे तो एका अर्जावर. मुलाला फुकट जेवणाचा हक्क आहे, असा अर्ज आईबापांनीं केला तरच तें मूल मोजलें जातें. १९०६ सालच्या कायद्यानें येथील स्थानिक मंडळांना गरीब विद्यार्थ्यांना जेऊं घालण्याची मुभा मिळाली, तेव्हांपासून या जेवणाला लाज चिकटलेली आहे. पुढें २०१४ च्या सप्टेंबरांत सरकारनें पहिल्या तीन इयत्तांतील सर्वच मुलांना फुकट जेवण दिलें, आणि २०२३ च्या सप्टेंबरांत लंडनच्या महापौरांनीं सरकारी प्राथमिक शाळांतील बाकीच्या मुलांनाहि तें दिलें. एका पंक्तीला सगळीं बसूं लागलीं, लाज गेली. पण तिच्याबरोबर अर्जहि गेला! ताट समोर येतेंच आहे, तर आपलें दारिद्र्य कागदावर कोण लिहील? आणि अर्ज नाहीं तर शाळेला पैसा नाहीं. उदारपणाला असा फांटा फुटेल हें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें.

म्हणून त्या शरदांत शाळेच्या कारकूनबाईंनीं मला गांठलें. दुसऱ्या इयत्तेंत एक मराठी मुलगा होता. बाप घर सोडून गेलेला, आई संध्याकाळीं एका दुकानांत काम करणारी. तिचा हक्क स्पष्ट होता, पण ती सही करीत नव्हती. मी तिच्याशीं मराठींत बोलावें, अशी विनंति होती.

फाटकापाशीं मी तिला भेटलों. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "काका, सरकारची मदत मी घेतेच आहे. तें ऑफिस लांब आहे, तिथं मला कुणी ओळखत नाहीं. पण शाळेचं सगळ्यांना दिसतं."

मीं माझा मोठा दारुगोळा काढला. बहिणीची गोष्ट मीं त्या परक्या मुलीला सांगितली, जी मीं माझ्या मुलांनाहि सांगितलेली नाहीं. ती गप्प राहिली. मग तिनें एकच प्रश्न विचारला: "ती यादी वाचतं कोण?"

"कोणी नाहीं," मीं छातीठोकपणें सांगितलें. "ती गुप्त असते."

त्याच आठवड्यांत मी शिक्षकांच्या खोलींत चहा घ्यायला गेलों. कपाटाशेजारच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर साठ मुलांचीं छायाचित्रें, प्रत्येकाभोंवतीं जांभळें वर्तुळ. हीं आपलीं प्रीमियमचीं मुलें, यांच्याकडे लक्ष असूं द्या. हेतु निर्मळ होता. हा फळा मीं दोन वर्षें पाहत आलों होतों. एकदां तर त्याच्या नीटनेटकेपणाची मीं तारीफहि केली होती. त्या दिवशीं मात्र त्याच खोलींत वाचन घ्यायला येणाऱ्या दोन स्वयंसेवक माता बिस्किटें खात त्याच्यासमोर उभ्या होत्या. साठ मुलें माझ्यासमोर उभीं होतीं, आणि हजेरीपट माझ्या हातांत होता.

मुख्याध्यापिकाबाईंना मीं हें बोलून दाखविलें, तें त्यांना आवडलें नाहीं. शिक्षकांना मुलें ठाऊक नकोत काय, हा त्यांचा प्रश्नहि चुकीचा नव्हता. अखेर फळा उतरला आणि प्रत्येक शिक्षिकेजवळ तिच्या वर्गापुरती टांचणें राहिलीं. पण पुढें महिनाभर बाई माझ्याशीं फार सभ्यपणें बोलत होत्या.

आईनें सही केली, ती नोव्हेंबरांत. पुढल्या वर्षाच्या पैशासाठीं शिरगणती होते ती ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारीं. म्हणजे महिनाभराच्या उशिरामुळें २०२४-२५ चे १,४८० पौंड हुकले. कारकूनबाईंनीं सुस्कारा टाकला. मीं मात्र त्या मुलाची चौकशी केली, तेव्हां समजलें कीं, तो सप्टेंबरपासूनच जिन्याखालच्या खोलींत जात होता. "त्याला वाचतां येत नव्हतं," बाई म्हणाल्या, "यादी कशाला पाहायची?" मग मीं त्या मुलीची फाटकापाशीं एवढी मनधरणी केली ती कोणासाठीं? शाळेसाठीं, असें उत्तर देतां येतें. तें मला पुरतेंपणीं पटत नाहीं.

सरकारच्या आंकड्यांवरून गरीब व इतर मुलांमधलें अंतर २०११ पासून २०१८ पर्यंत हळूहळू कमी होत गेलें होतें. कोविडच्या साथींत शाळा बंद पडल्या आणि २०२२ सालीं तें अंतर २०१२ नंतरचें सर्वांत मोठें भरलें. वर्षानुवर्षें चढलेली चढण दोन वर्षांत उतरून झाली. सभेंत हा कागद वाचला गेला, तेव्हां टॅब्लेटवाले सभासदहि बोलले नाहींत.

परवां बहिणीचा फोन आला. इकडचें तिकडचें झाल्यावर तिनें विचारलें, "त्या मुलाच्या आईनं सही केली का रे?"

"केली. उशिरा केली."

"उशिरा का होईना." मग ती थोडा वेळ बोलली नाहीं. मला वाटलें, फोन तुटला. "आणि सकाळीं खायला काय देतात तिथं पोरांना?"

"भाजलेला पाव, लोणी. नाहींतर दुधांत मक्याचे पोहे."

"दूध-पोहे!" ती म्हणाली. "आणि तोंडीं लावायला लोणचं नाहीं?"