न मागितलेलं मत

मॅसॅच्युसेट्समध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, निकालासाठी फारसं कुणी रात्र जागवत नाही. कनिष्ठ सभागृहात, हाउसमध्ये, या राज्याच्या 9 जागा आहेत आणि नऊच्या नऊ डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहेत. 1996 साली पीटर ब्लूट आणि पीटर टॉर्किल्डसन हे दोन रिपब्लिकन खासदार पडले, त्यानंतर त्या पक्षाला इथून हाउसची एकही जागा जिंकता आलेली नाही. येत्या 3 नोव्हेंबरला, 2026 च्या निवडणुकीत, पुन्हा या नऊ जागांसाठी मतदान आहे. सोबत सिनेटची एक जागाही आहे. आपल्याकडे अशा बालेकिल्ल्याबद्दल म्हणतात, दगड उभा केला तरी निवडून येईल. इथेही गावोगावी तीच भावना आहे, जिंकणाऱ्यांच्या मनात आणि हरणाऱ्यांच्याही.

मी या राज्यात राहते, इथली नागरिक झाले आणि बहुतेक वेळा डेमोक्रॅटिक उमेदवारालाच मत देत आले. म्हणजे मी जिंकणाऱ्या बाजूची. आपला उमेदवार येणारच, ही खात्री सुखाची असते. पण अलीकडे तिच्यामुळेच मी अस्वस्थ होते आणि त्या अस्वस्थतेला फॉल रिव्हर हे शहर कारण आहे.

फॉल रिव्हर राज्याच्या दक्षिणेला, ऱ्होड आयलंडच्या सीमेजवळ आहे. एकेकाळी कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या प्रचंड दगडी इमारती मात्र उभ्या आहेत. लालबाग-परळच्या माणसाला तिथल्या रस्त्यांवरून फिरताना काही सांगावं लागणार नाही. पोर्तुगीज वंशाच्या कष्टकरी कुटुंबांचं हे शहर पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या मागे उभं होतं. 2024 साली ते डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने गेलं. अध्यक्षपदासाठी त्याआधी या शहराने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला होता तो 1924 साली, कॅल्व्हिन कूलिज यांना.

आता 2024 च्या मतदानाच्या दिवशीची फॉल रिव्हरच्या मतदाराची मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा. इथे मतपत्रिका कागदाची असते. पसंतीच्या नावासमोरचा लंबगोल पेनाने भरायचा आणि कागद यंत्रात सरकवायचा. अध्यक्षपदासाठी नावांची यादी. सिनेटसाठी एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्यासमोर जॉन डीटन. त्याखाली हाउसचा रकाना, आणि त्यात एकच नाव: जेक ऑकिनक्लॉस, डेमोक्रॅट. त्या नावाखाली एक कोरी ओळ, हवं तर स्वतःच्या हाताने कुणाचं नाव लिहिण्यासाठी. शंभर वर्षांनी ज्या शहराचं मत फिरलं, त्या शहराला त्याच दिवशी हाउससाठी दुसरा पर्यायच नव्हता. त्या वर्षी 9 पैकी 5 मतदारसंघांत हेच चित्र होतं. रिपब्लिकन उमेदवार उभे होते ते फक्त दोन ठिकाणी.

मी ट्रम्प यांना मत दिलं नाही, देणारही नाही. पण शहराचं मन बदललं आणि ते का बदललं हे विचारायला हाउसच्या निवडणुकीत कुणाला दारोदार जावं लागलं नाही, हे मला फार मोठं नुकसान वाटतं. फॉल रिव्हरचं तर वाटतंच, पण ज्या पक्षाला मी मत देते त्याचंही वाटतं.

या राज्याच्या राजकारणात टिप ओ'नील यांची एक गोष्ट अजून सांगितली जाते. पुढे 1977 पासून दहा वर्षं ते हाउसचे सभापती होते. 1935 साली ते केंब्रिजच्या नगर परिषदेला उभे राहिले, तेव्हा कॉलेजात शिकत होते. समोरच्या घरात त्यांच्या शाळेतल्या बाई राहायच्या. बाई म्हणाल्या, तू मत मागितलं नाहीस, तरी मी तुलाच देणार आहे. ओ'नील चकित झाले. उन्हाळ्यात बाईंच्या अंगणातलं गवत त्यांनी कापलं होतं, हिवाळ्यात बर्फ उपसला होता, तिथे मत काय मागायचं? तेव्हा बाईंनी त्यांना समजावलं की आपल्याला कुणी विचारावं, असं माणसांना वाटतंच. ओ'नील ती निवडणूक हरले. त्यानंतर मात्र ते एकही निवडणूक हरले नाहीत.

कराडजवळच्या आमच्या गावात माझी आजीही तेच म्हणायची. ग्रामपंचायतीच्या वेळी उमेदवार ओट्यावर येऊन, हात जोडून बसला की ती आधी चहा टाकायची आणि मग विहिरीचं, वाटेचं, शाळेच्या पत्र्याचं सगळं गाऱ्हाणं त्याच्यापुढे मांडायची. एका वर्षी एकजण गल्लीतून नुसता पुढे निघून गेला. आजी म्हणाली, "माझ्या दारात यायला ज्येला येळ न्हाई, त्येला माझं मत कशापायी?" तो निवडून आला तरी तिला फरक पडला नाही. तिच्या दृष्टीने निवडणूक त्या ओट्यावर व्हायची, मतपेटी नंतरची.

बिनविरोध निवडणुकीत नेमकं हेच हरवतं. पुढचे खासदार कोण, हे आधीपासून माहीत असतं, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण त्यांना आपल्या दारात यावं लागत नाही. जाहीर वादसभा होत नाही, कारण वाद घालायला समोर कुणी नसतं. दोन वर्षांत दिलेल्या मतांचा हिशेब कुणी मांडत नाही. हरणाऱ्या बाजूचा मतदार हळूहळू वाऱ्यावर सोडला जातो आणि माझ्यासारखा जिंकणाऱ्या बाजूचा मतदार गृहीत धरला जातो. दोघांचीही गाऱ्हाणी ओट्यावरच राहतात.

बाहेरच्यांना वाटतं, यामागे सीमा आखण्याची लबाडी असणार. संशयाला जागा आहे, कारण 1812 साली गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात याच राज्यात राज्य सिनेटचा एक मतदारसंघ इतका वेडावाकडा आखला गेला की त्या लबाडीला कायमचं गेरींचंच नाव चिकटलं. 2025 मध्ये टेक्ससने आणि मग कॅलिफोर्नियाने आपापल्या पक्षाच्या सोयीने नकाशे बदलले, त्या भांडणातही मॅसॅच्युसेट्सचा दाखला वारंवार दिला गेला. पण गणितज्ञ मून डचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं तपासलं, तेव्हा वेगळंच निघालं. इथे रिपब्लिकन पक्षाला राज्यभरात बहुधा तीस ते चाळीस टक्के मतं मिळतात, पण ती सगळीकडे जवळपास सारखी पसरलेली आहेत. त्यांनी अभ्यासलेल्या काही निवडणुकांमध्ये तर सीमा कशाही आखल्या तरी रिपब्लिकन बहुमताचा एकही मतदारसंघ तयार होत नव्हता. म्हणजे हा कुणाचा कट नव्हे. आणि कट नसल्यामुळेच नकाशा बदलून हा प्रश्न सुटणारही नाही.

मग निवड होते कुठे? ती होते सप्टेंबरमध्ये, पक्षांतर्गत प्रायमरीत. यंदा ती 1 सप्टेंबरला आहे. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, इथे ते मतदार देतात. या राज्यात साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कुठल्याही पक्षात नाव नोंदवलेलं नाही, आणि त्यांनाही प्रायमरीत कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागून मत देता येतं. मीही त्यांच्यातलीच. टेबलामागच्या बाई रस्त्याचं नाव, घराचा नंबर विचारतात आणि मग म्हणतात, कुठल्या पक्षाची हवी? बालेकिल्ल्यात खरं राजकारण त्या प्रश्नापासून सुरू होतं. सेथ मोल्टन यांनी 2014 मध्ये जॉन टियर्नी या जुन्या खासदाराला हरवलं ते प्रायमरीत. अयाना प्रेस्ली यांनी 2018 मध्ये माइक कपुआनो यांना हरवलं तेही प्रायमरीतच. 2020 मध्ये सिनेटर एड मार्की यांनी जो केनेडी यांना, म्हणजे या राज्यातल्या सर्वात वजनदार घराण्यातल्या माणसाला, रोखलं ते तिथेच. त्याच मार्कींना आव्हान द्यायचं मोल्टन यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं.

पण प्रायमरीला येणारे नोव्हेंबरच्या मानाने फार थोडे. उमेदवार अनेक असले की त्या थोड्यांचेही तुकडे होतात. 2020 मध्ये ऑकिनक्लॉस पहिल्यांदा उमेदवार झाले ते प्रायमरीतल्या जेमतेम 22 टक्के मतांवर. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या मतदारसंघातून पहिल्यांदा हाउसवर गेले, याचा मराठी माणसाला आनंद झाला, मलाही झाला. मिशिगन हे चुरशीचं राज्य असलं तरी तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा हक्काचा, आणि ठाणेदारांनी तिथली प्रायमरी जिंकली होती सुमारे 28 टक्के मतांवर. दोघांनीही नियमाप्रमाणेच विजय मिळवला. पण चार-पाच मतदारांतल्या एकाची पसंती पुढे अख्ख्या मतदारसंघाचा आवाज ठरते, आणि ती ठरवणाऱ्या दिवशी बाकीचे घरी असतात. पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत आणायचा प्रस्ताव 2020 मध्ये इथल्या मतदारांसमोर आला होता. लोकांनी तो नाकारला.

एकतर्फीपणाचे फायदेही आहेत, ते नाकारून चालणार नाही. वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्यांना ज्येष्ठता मिळते, महत्त्वाच्या समित्या मिळतात, राज्याच्या पदरात निधी पडतो. ओ'नील सभापती झाले, त्यांच्याआधी जॉन मॅकॉर्मॅक झाले, ते याच बळावर. पण ओ'नील राजकारणात आले तेव्हाचं मॅसॅच्युसेट्सचं विधिमंडळ रिपब्लिकनांचा गड होता. 1948 मध्ये त्याच्या कनिष्ठ सभागृहात तो पडला आणि 1949 मध्ये ओ'नील त्या सभागृहाचे डेमोक्रॅटिक सभापती झाले. आपला पक्ष हरत असलेल्या ठिकाणी कुणीतरी उमेदवार शोधले, गावोगाव फिरून मतं मागितली, म्हणून ते घडलं.

आणि मागणं सोडलं की काय होतं, हेही या राज्याने पाहिलं आहे. 1962 पासून एडवर्ड केनेडी यांच्याकडे असलेली सिनेटची जागा त्यांच्या निधनानंतर रिकामी झाली आणि जानेवारी 2010 मध्ये पोटनिवडणूक लागली. डेमोक्रॅटिक उमेदवार मार्था कोकली यांचा विजय धरून चालले होते. थंडीत बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभं राहून लोकांचे हात हातात घ्यायचे की काय, असा त्यांचा एका मुलाखतीतला सूर लोकांच्या मनात राहिला. रिपब्लिकन स्कॉट ब्राउन मात्र आपला पिकअप ट्रक घेऊन राज्यभर हिंडले, थंडीत उभे राहिले आणि जिंकले.

यंदाच्या वसंतात आमच्या सुपरमार्केटच्या दाराशी एक गृहस्थ उभे होते. वाऱ्याने फडफडणारे कागद त्यांनी अंगठ्याने दाबून धरले होते. हाउसच्या उमेदवाराला मतपत्रिकेवर यायला 2,000 वैध सह्या लागतात, आणि प्रत्येक सही नगरपालिकेत मतदारयादीशी ताडून पाहिली जाते. त्यांचा उमेदवार रिपब्लिकन होता. त्यांनी अदबीने विचारलं, सही कराल? पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदाराची सही त्यांना चालते. मी सांगितलं, मत मी कदाचित तुम्हाला देणार नाही. ते म्हणाले, "सही दिलीत तरी पुष्कळ आहे." मी नाव, पत्ता नीट अक्षरांत लिहिला आणि सही केली.

माझ्या पक्षनिष्ठ मित्रांना हे आवडलं नाही, पण माझं मत पक्कं आहे. ज्याला मी मत देणार आहे, त्याच्यासमोर कुणीतरी उभं असणं ही माझी गरज आहे. समोरचा हरला तरी चालेल, कारण तो उभा आहे म्हणून माझ्या उमेदवाराला फॉल रिव्हरला जावं लागेल आणि तिथे का नाराजी आहे ते ऐकावं लागेल. म्हणून बालेकिल्ल्यात राहणाऱ्याने दोन कामं करावीत, असं मला वाटतं. निवड खरोखर होते त्या दिवशी, 1 सप्टेंबरला, मतदान केंद्रावर जावं. आणि विरोधी बाजूचा लायक उमेदवार उभा राहू पाहत असेल तर त्याच्या वाटेतली निदान एक सही आपली असू द्यावी. मतदाराला नोव्हेंबरमध्ये दोन नावं दिसावीत, एवढ्यासाठी आपल्या पक्षाला थोडी झळ बसली तरी ती सोसावी. आपलं मत मागायला कुणीतरी यायलाच हवं, आणि ते येण्याची व्यवस्था आपणच करायची आहे.